भाल्यापेक्षा फाइल लांब

माझ्या मुलीचा, पूर्वाचा, भाला दोन मीटरहून थोडा लांब आहे आणि वजनाला ५०० ग्रॅम. पिशवीत घालून तो ट्राममध्ये चढवला की एखादे जर्मन आजोबा हमखास विचारतात, "मासे पकडायला का?" हा भाला युरोपियन युथ ऑलिंपिक फेस्टिव्हलच्या मैदानापर्यंत न्यायला आम्हाला बावीस महिने लागले. त्यातले बरेचसे झेरॉक्स मशीनपाशी गेले.

२०२५च्या जुलैत स्कोप्येला ही स्पर्धा झाली, तेव्हा जर्मनीतल्या तीन मराठी घरांतून मला फोन आले. कुणाचा मुलगा पोहतो, कुणाची मुलगी ज्युदो खेळते. प्रश्न सगळ्यांचा एकच, "तुम्ही पासपोर्टचं काय केलंत?" तिसऱ्या फोनला माझ्याच तारखा चुकायला लागल्या. म्हणून फाइल समोर घेऊन २०२३ची आमची सगळी यात्रा लिहून काढते आहे.

आधी ही स्पर्धा म्हणजे काय ते थोडक्यात. युरोपातल्या ऑलिंपिक समित्यांनी १४ ते १८ वयाच्या खेळाडूंसाठी ती भरवायला सुरुवात केली. पहिली १९९१ साली ब्रसेल्सला झाली. कल्पना जाक रोग यांची. तेच पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष झाले. १९९३पासून हिवाळी स्पर्धाही होते. एरवी विषम साली भरते. करोनामुळे २०२१ची तेवढी २०२२वर गेली. देशाचा झेंडा, संचलन, ज्योत, खेळाडूंची एकत्र राहायची सोय, सगळं मोठ्या ऑलिंपिकसारखं, फक्त खेळाडूंच्या दातांना अजून तारा असतात.

अॅथलेटिक्सच्या पोरांना तिचं महत्त्व जास्त वाटतं त्याला कारण आहे. अठरा वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा २०१७च्या नैरोबीनंतर बंद झाली आणि युरोपियन स्पर्धा सम साली असते. म्हणजे विषम साली सतरा वर्षांचं असलेल्या मुलाला मोठ्या मैदानाची हीच एक संधी. त्यात एका प्रकाराला एका देशाचा एकच खेळाडू. जर्मनीसारख्या देशात या 'एकच'चा अर्थ काय होतो ते भालाफेकीतल्या कुणालाही विचारा.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात होता, ऑगस्ट २०१२मध्ये आम्ही बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आलो. पूर्वा तेव्हा सहा वर्षांची. नवव्या वर्षी क्लबात गेली, तेराव्या वर्षी तिने भाला धरला. २०२०मध्ये आमची आठ वर्षं भरली, म्हणजे त्या वेळच्या कायद्याप्रमाणे जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करता येत होता. आम्ही केला नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. इथलं घेतलं की तिथलं जातं. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत तो विषय आम्ही दिवाळीच्या फराळासारखा डब्यात झाकून ठेवला होता.

७ ऑगस्ट २०२१ला टोकियोत नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला. आम्ही तिघं सोफ्यावर उभे राहून ओरडलो, खालच्या मजल्यावरच्या बाई बघायला आल्या. संध्याकाळी साताऱ्याहून आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन. "पोरी, बघितलंस का? आता तू बी आपल्याकडनंच फेक." पूर्वा म्हणाली, "आबा, त्याचे कोच जर्मन आहेत." आबा म्हणाले, "आसूं दे की. भाला कुणाचा हाय?"

महिनाभराने, सप्टेंबरमध्ये, तिच्या प्रशिक्षकांनी मला मैदानाच्या कडेला गाठून विचारलं, "हिचा पासपोर्ट कुठला?" मी म्हटलं, भारतीय. ते जरा थांबले. म्हणाले, क्लबासाठी, राज्यासाठी काही अडचण नाही. पण २०२३ला हिचं वय बरोबर बसतंय, आणि देशाच्या संघात यायचं तर त्या देशाचं नागरिकत्व लागतं. ऑलिंपिकच्या सनदेतलाच नियम आहे तो. ती आधी भारताकडून कुठे खेळली आहे का, हेही त्यांनी विचारलं. नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण एका देशाकडून खेळून झालं असेल तर अॅथलेटिक्समध्ये देश बदलताना तीन वर्षं थांबावं लागतं. सुट्टीत गावी गेल्यावर हौसेने कुठल्या संघाची जर्सी चढवण्याआधी याचा विचार करा.

त्या रात्री घरात पहिल्यांदा खरं बोलणं झालं. मला रडू आलं, ते का आलं हे तेव्हा सांगता आलं नसतं. नवऱ्याची काळजी जमिनीची. आबांच्या नावावर अडीच एकर आहे. चौकशी केल्यावर कळलं ते असं: परदेशी नागरिक झालेल्या, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड घेतलेल्या माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली राहते. आबांना हे फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजी सातबाऱ्यावर नाव चढंल ना? मग करा काय करायचं ते."

मुलीच्या तीन फेकींसाठी आम्ही देश बदलला, असं एका नातेवाइकाने नंतर ऐकवलं. तसं नाही. अर्ज आम्ही कधी ना कधी केलाच असता. तिच्या भाल्याने फक्त तारीख ठरवली.

आता कागद.

आम्हा दोघांना नागरिकत्वाची परीक्षा द्यावी लागली. ३१० प्रश्नांचा साठा असतो, त्यातले ३३ येतात, १७ बरोबर आले की पास. फी २५ युरो. अवघड नाही, पण जागा मिळायला वेळ लागतो. आम्हाला जानेवारी २०२२ची तारीख मिळाली आणि निकालाचं पत्र यायला आणखी काही आठवडे गेले. पूर्वा स्वयंपाकघरात आमची तोंडी घ्यायची. "आई, बुंडेसराटमध्ये, म्हणजे राज्यांच्या सभागृहात, कोण बसतं?" मी पोळ्या लाटताना उत्तर द्यायची आणि ती गणिताच्या बाईंसारखी "विचार करून सांग" म्हणायची. तिला स्वतःला शाळेमुळे परीक्षेतून सूट मिळाली, भाषेसाठीही शाळेचे निकाल पुरले. माझी जर्मन भाषेची बी-वन परीक्षा आधीच झालेली होती.

फाइल मार्च २०२२मध्ये दिली आणि पंधरा दिवसांत परत आली. कारण मजेदार होतं. त्याच महिन्यात पूर्वाला सोळा वर्षं पूर्ण झाली होती. सोळापासून मुलांचा अर्ज वेगळा आणि सही त्यांची स्वतःची. संविधानावरच्या निष्ठेचं निवेदनही त्यांनीच द्यायचं. आम्ही आई-बाप म्हणून सह्या ठोकून मोकळे झालो होतो. तुमच्या मुलाचा सोळावा वाढदिवस अर्जाच्या आसपास येत असेल तर दोन्ही फॉर्म भरून ठेवा.

पगाराच्या पावत्या, पेन्शनचा उतारा, घरभाड्याचा करार, हे सगळं जर्मनीतलं असल्यामुळे एका शनिवारात जमलं. खरा घोळ जन्मदाखल्याने घातला. कागद खरा आहे असं परदेशासाठी सांगणारा अपोस्टिल शिक्का भारतातल्या कागदावर असला तरी जर्मनी तो मानत नाही. आम्ही तो मुंबईहून हौसेने करून आणला होता. खिडकीतल्या बाईंनी तो बाजूला सरकवला, जेवणाच्या ताटातला कढीपत्ता सरकवतात तसा. भारतातल्या कागदांची शहानिशा जर्मन वकिलातीमार्फत होते. तिथून नेमलेला माणूस नोंदणी कार्यालयात, कधी घरीही जाऊन बघतो. खर्च आपला. आम्ही ४०० युरोंच्या आसपास भरले.

जून २०२२मध्ये ही शहानिशा सुरू झाली. ऑगस्टमध्ये सासूबाईंचा घाबरून फोन, "एक वकील आलेले. पूर्वा कुठं जन्मली, कुठल्या दवाखान्यात, समदं विचारून गेले. काय झालंय का?" तर दुसरी टीप ही, की गावाकडच्यांना आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं. बिचाऱ्या दोन रात्री झोपल्या नाहीत.

आणि मग स्पेलिंग. जन्मदाखल्याच्या इंग्रजी प्रतीवर पूर्वा डबल ओ-ने, पासपोर्टवर यू-ने. मराठीत दोन्हीकडे तेच नाव, त्यामुळे सोळा वर्षांत आमच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. इथल्या कार्यालयाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या मुली. दिराने नगरपालिकेत पाच खेपा घालून दुरुस्ती करून घेतली. पाचव्या खेपेला म्हणे कारकुनाने विचारलं, "एवढं काय अडलंय त्या डबल ओ-वाचून?" दीर म्हणाला, "भाला अडलाय." त्या कारकुनाने काय समजून घेतलं कोण जाणे, पण काम झालं.

नोव्हेंबर २०२२मध्ये शहानिशेचा अहवाल आला. आम्हाला वाटलं, संपलं. फेब्रुवारीपर्यंत काहीच नाही. मी दर सोमवारी ईमेल करायची, नवरा म्हणायचा तू त्यांना त्रास देतेस. फेब्रुवारीत पत्र आलं: आधीच्या पगाराच्या पावत्या आता जुन्या झाल्या, नवीन पाठवा. एका दिवसात पाठवल्या. इथे एक सांगते, मी ईमेलमध्ये स्पर्धेचा उल्लेख जानेवारीत केला, तोही प्रशिक्षकांच्या पत्रासह. आधीच करायला हवा होता. त्याने रांग मोडली असं मुळीच म्हणत नाही. पण नंतरच्या उत्तरांत निदान महिना लिहिलेला असायचा.

२५ एप्रिल २०२३, मंगळवार, सकाळी साडेनऊ. आम्हा दोघांचे प्रत्येकी २५५ युरो आणि पूर्वाचे ५१ असे ५६१ युरो आधी भरायचे, मग खोलीत जायचं. छोटी खोली, कोपऱ्यात दोन झेंडे, टेबलावर पाण्याचे पेले. एक वाक्य मोठ्याने वाचायचं, सही करायची, मग जाड कागदाचं प्रमाणपत्र हातात. भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे त्याच क्षणी आपलं भारतीय नागरिकत्व संपतं. वेगळा अर्ज नाही, निरोप नाही. पूर्वाने वाचताना आवाज जराही हलू दिला नाही. नवऱ्याचा हलला. बाहेर येऊन आम्ही बेकरीत बसलो. तिने दोन ब्रेत्सेल खाल्ले आणि सरावाला गेली.

त्या दिवसापासून पासपोर्ट येईपर्यंत तुमच्याकडे प्रवासाचा एकही कागद नसतो, कारण भारतीय पासपोर्ट आता वापरायचा नाही. त्या काळात तिकिटं काढू नका. आम्ही २ मे रोजी अर्ज केले. चोवीस वर्षांखालच्यांना तेव्हा पासपोर्ट ३७.५० युरो, घाईचे आणखी ३२; ओळखपत्र २२.८०. घाईचा पासपोर्ट आठवड्याभरात आला. ओळखपत्राला तीन आठवडे लागले. पुढे स्पर्धेसाठी स्लोव्हेनियाला जायला ते ओळखपत्रही पुरलं असतं. ते ३२ युरो माझ्या घाबरटपणाचे.

पासपोर्टवर जन्मगाव छापतात. नाव नवीन स्पेलिंगचं, देश नवीन, आणि खाली सातारा. तिने त्या पानाचा फोटो काढून आबांना पाठवला. आबांनी उलट अंगठा पाठवला.

मे आणि जूनमधल्या स्पर्धांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. मी बाकावर बसून नखं खायची एवढंच. ठरलेलं अंतर पार करायचं आणि ते पार करणाऱ्यांत पहिलं राहायचं, असा हिशेब. दोघी मुली तिच्या अगदी जवळ होत्या, त्यातली एक तिची मैत्रीण. जुलैच्या सुरुवातीला फोन आला तेव्हा पूर्वा भांडी पुसत होती. "हो. हो. धन्यवाद," एवढंच बोलून तिने फोन ठेवला, उरलेली भांडी पुसली आणि मग मैत्रिणीला फोन करायला खोलीत गेली. तासभर बाहेर आली नाही. दार उघडून आत जायचा धीर मला झाला नाही.

निवड झाल्यावर वाटतं आता फक्त बॅग भरायची. नाही. खेळाडूचा करार, पालकांची संमती, फोटो वापरायची परवानगी, आजारांचा इतिहास, लसी, आणीबाणीत ऑपरेशनला मान्यता, अशी पानं येत राहतात. मूल अठराच्या खाली म्हणून बहुतेक ठिकाणी दोन्ही पालकांची सही. नवरा तेव्हा कामासाठी चेन्नईत होता, जर्मन पासपोर्टवर व्हिसा काढून गेलेला. आम्ही स्कॅन, प्रिंट, पुन्हा स्कॅन करून भागवलं. शाळेचीही रजा लागली. आमच्या राज्याची उन्हाळी सुट्टी त्या वर्षी २७ जुलैला सुरू होत होती, आणि उद्घाटन २३ला. सोमवार ते बुधवार तीन दिवसांसाठी मुख्याध्यापकांना अर्ज, त्याला अॅथलेटिक्स महासंघाचं पत्र जोडलेलं.

उत्तेजकविरोधी नियमांचा ऑनलाइन अभ्यास तिने केला, पण खरा धडा मला मिळाला. परागकणांच्या दिवसांत तिला धाप लागते, ती साल्ब्युटामोलचा पंप वापरते. तो चालतो, मात्र मर्यादेत: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६००च्या वर नाही. डॉक्टरांकडून डोस लिहून घ्या. प्रत्येक गोळी नाडाच्या, म्हणजे जर्मनीच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 'नाडामेड' या यादीत नाव टाकून तपासता येते. सर्दीच्या साध्या गोळ्यासुद्धा तपासा. घरगुती औषधांचं काय? सासूबाईंनी मे महिन्यात च्यवनप्राश, दशमूलारिष्ट आणि कसलंसं वैद्याचं चूर्ण पाठवलेलं. त्यात वाईट काही असेल असं नाही, पण बाटलीत नक्की काय आहे हे आपल्याला सिद्ध करता येत नाही, आणि तपासणीत सापडलं तर जबाबदारी खेळाडूची. पूर्वाने तिन्ही गोष्टी कपाटावर वरती ठेवल्या आणि चिठ्ठी लावली: 'ऑगस्टनंतर.' च्यवनप्राश मी खाल्ला.

तिचा प्रवास, राहणं, संघाचे कपडे यांचा भार आमच्यावर आला नाही. २२ जुलैला ती संघासोबत गेली. भाल्याची लांब पिशवी तिच्या खांद्यावर, पाठीवर देशाचं नाव. मी हात हलवला आणि घरी येऊन तिच्या खोलीतली धुणी गोळा केली.

पालकांना खेळाडूंच्या निवासात जाता येत नाही. आपला प्रवास, आपलं राहणं आपण बघायचं. स्पर्धा मारिबोरला होती, स्लोव्हेनियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, द्रावा नदीच्या काठी. सोमवारी आम्ही गाडीने निघालो. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा रस्ता-कर त्या वर्षी ९.९० युरो होता, पण ग्राट्सच्या वाटेवरच्या बोसरुक आणि ग्लाइनाल्म या बोगद्यांचे पैसे वेगळे, आणि स्लोव्हेनियाचा कर पुन्हा वेगळा, तो आता ऑनलाइन भरायचा. जुलैचा शेवट म्हणजे अर्धा युरोप समुद्राकडे निघालेला. साल्झबुर्गपाशी आम्ही दीड तास एका जागी होतो. शक्य असेल तर पहाटे निघा.

नदीपलीकडे एका बाईंच्या घरी खोली घेतली होती, रात्रीचे ७० युरो. त्या शाळेत शिकवतात. आम्हा दोघांना बघून म्हणाल्या, "मिद्वा." मला कळेना. त्यांनी बोटं दाखवून समजावलं: 'आम्ही' वेगळं आणि 'आम्ही दोघं' वेगळं, त्यांच्या भाषेत अजून द्विवचन आहे. शाळेत संस्कृतच्या तासाला रामः रामौ रामाः घोकताना मला हे द्विवचन कुणी कधी वापरत असेल असं वाटलं नव्हतं. इथे बाई त्यातून चहा विचारत होत्या. सकाळी त्यांनी काळपट हिरवं भोपळ्याच्या बियांचं तेल दिलं, ते सॅलडवर घालतात, आइस्क्रीमवरसुद्धा. कारळ्याच्या चटणीची आठवण झाली.

मोकळ्या वेळात गाव पाहिलं. लेंट भागात एका घराच्या भिंतीवर चारशेहून जास्त वर्षांची द्राक्षवेल आहे, जगातली सगळ्यात जुनी म्हणून नोंदलेली, अजून फळते. तिच्यासमोर वेगवेगळ्या रंगांच्या ट्रॅकसूटमधली पोरं एकमेकांशी पिना, म्हणजे आपापल्या देशाचे बिल्ले, बदलत होती. या स्पर्धेत पिना म्हणजे चलन. पूर्वाच्या गळ्यातल्या पट्टीवर दुसऱ्याच दिवशी जागा उरली नव्हती. रशिया आणि बेलारूस त्या वर्षी नव्हते. बाकीच्या देशांत काही इतके चिमुकले की त्यांचे खेळाडू हातांच्या बोटांवर मोजावेत. त्यांच्या पिनांना सर्वांत जास्त भाव.

तिच्या दिवशी आम्ही पोल्याने स्टेडियमवर तीन तास आधी पोचलो. भाले आधीच तपासणीला द्यायचे असतात: वजन, लांबी, पकडीची दोरी, तोल, सगळं मोजून खूण चिकटवतात. एकदा आत गेलेला भाला मग सगळ्यांनाच वापरता येतो. हे मला माहीत नव्हतं. एका परक्या मुलीने आमचा निळा भाला उचलला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. नवऱ्याने हात धरला.

ऊन कडक होतं, वारा मध्येच डावीकडून यायचा. पूर्वाने धाव मोजली, टाच टाकत, उलटी चालत, आपली चिकटपट्टी लावली. ती तळव्याला पावडर लावते तेव्हा आधी करंगळीला लावते, लहानपणापासून. तेवढं मला इतक्या लांबूनही दिसलं.

पहिली फेक लांब गेली. खरंच लांब गेली. पण पुढचा पाय वळणाच्या पांढऱ्या रेघेवर. लाल झेंडा. दुसरीत ती घाबरून दीड पाऊल मागेच थांबली आणि भाला आडवा पडला, टोक आधी टेकलंच नाही. पुन्हा लाल. तिसऱ्याच्या आधी ती बराच वेळ भाला खांद्यावर घेऊन उभी होती. मी डोळे मिटले, म्हणून ती फेक मी पाहिलेली नाही. पांढरा झेंडा नवऱ्याने सांगितला. अंतर तिच्या नेहमीच्या फेकीपेक्षा तीनेक मीटर कमी. तिच्या वाट्याला तीनच फेकी आल्या.

बावीस महिने, आणि सगळं मिळून पंचवीस मिनिटंही झाली नसतील.

तासाभराने ती कुंपणापाशी आली. डोळे सुजलेले, पण कोरडे. मला काय बोलावं सुचेना. मी पिशवीतून डबा काढला, पहाटे त्या बाईंच्या स्वयंपाकघरात थालीपीठं लावली होती. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "भाजणी आजीची आहे? तिने यात काही घातलेलं नाही ना, चूर्णबिर्ण?" मी म्हटलं, "धने, जिरे आणि पाच डाळी." मग तिने उभ्याउभ्या चार खाल्ली. मध्येच म्हणाली, "आई, ती निळ्या भाल्याने फेकणारी मुलगी पुढे गेली, बघितलंस? आपल्या भाल्याने." हसत होती की नाही ते मला नक्की सांगता येणार नाही.

समारोप २९ जुलैला झाला. परतताना श्पीलफेल्डच्या हद्दीवर ऑस्ट्रियाच्या पोलिसाने गाडी थांबवली, मी सवयीने भारतीय पासपोर्ट ठेवायच्या खिशात हात घातला आणि नवीन ओळखपत्र दुसऱ्या खिशात शोधत बसले. पाठोपाठ ४ ऑगस्टला स्लोव्हेनियात भयंकर पूर आला. घरमालकीणबाईंना मेसेज केला, त्या सुखरूप होत्या. उत्तरात 'आम्ही दोघं' मात्र नव्हतं, 'आम्ही सगळे' होतं.

भारताच्या बाजूचे कागद आम्ही ऑगस्टवर ढकलले होते. ते तसं ढकलू नये, आधी करा. व्हिसा काढून गेलेल्या नवऱ्याला तेव्हाच कळलं होतं. आधी जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र, त्यानंतर ओसीआय. आमच्यासाठी वाणिज्य दूतावास म्युनिचचा. ओसीआयला फोटो चौकोनी, ५१ बाय ५१ मिलिमीटर. जर्मन स्टुडिओवाला सवयीने ३५ बाय ४५ काढून देतो, आम्ही दोनदा काढले. फी माणशी २७५ डॉलरच्या बरोबरीचे युरो, म्हणजे तिघांचा आकडा बघून आधी बसून घ्या. कार्डं ऑक्टोबर अखेरीला आली, १२ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन साताऱ्याला झालं.

एक बदल तेवढा सांगते. जून २०२४पासून जर्मनीत आठाऐवजी पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. भारताचा नियम होता तोच आहे. २०२७चा विचार करत असाल तर जन्मदाखला आजच काढून स्पेलिंग बघा.

रद्द केलेला पासपोर्ट परत देतात, कोपरा कापून, शिक्का मारून. पूर्वाच्या पहिल्या पासपोर्टवर सहा वर्षांचा फोटो होता, पुढच्या दोन दातांच्या जागी खिडकी. नंतरच्या पासपोर्टांत तो मागे अडकवलेला राहिला होता. आबांनी दिवाळीत ते सगळं गठ्ठ्याने मागून घेतलं, चष्मा लावून पानं उलटली, कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांची लाल फाइल काढून तो गठ्ठा तिच्यात ठेवला. "हितं ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि पूर्वाला विचारलं, "भाला आणलास न्हवं?"

नव्हता आणला. विमानाच्या सामानाचे पैसे फार होत होते. आबांनी गड्याला हाक मारून परड्यातला वेळू तोडायला सांगितला.